कॅनडा टूरच्या नावाखाली आमचे ११,८०,४०० रुपये गेले

आमचे एकूण ११,८०,४०० रुपये गेले. आकडा मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितो, कारण जो भेटतो तो आधी "किती गेले?" विचारतो आणि आकडा ऐकला की "एवढे दिलेतच कसे?" म्हणतो. दिले, कारण मागणारा ट्रॅव्हल एजंट अनोळखी नव्हता. आमच्या देवळाच्या समितीतल्या माणसाने त्याची ओळख करून दिली होती. गावातली चार-पाच कुटुंबं त्याच्यामार्फत दुबईला जाऊन सुखरूप परत आली होती. चवथीला तो आमच्या घरी आरतीला उभा राहिला होता. अशा माणसावर संशय घ्यायचा तर गोव्यात कोणाशीच व्यवहार करता येणार नाही.

मुलीची दहावी संपणार होती. २०२५ चा मे महिना सगळ्यांनी मिळून कुठेतरी लांब घालवायचा, हे घरात केव्हाचं ठरलं होतं. कॅनडाचे डोंगर आणि तळी हे मुलांचं स्वप्न. बॅन्फ आणि जास्पर ही डोंगरातली राष्ट्रीय उद्यानं, मग व्हँकुव्हर शहर. पॅकेज ९,६०,००० रुपयांचं होतं. २,५०,००० बुकिंगला, ४,२०,००० तिकिटांना आणि २,९०,००० हॉटेलांची बाकी म्हणून.

व्हिसा मात्र खरे होते. हे नीट समजून घ्या, कारण ह्या लोकांची सगळी चाल त्यावरच उभी असते. कोकणकन्येने मुंबईला जाऊन आम्ही बोटांचे ठसे दिले, आणि पुढे चारही पासपोर्टांवर व्हिसा लागून आले. ते त्याने पेढे घेऊन स्वतः घरी आणून दिले. व्हिसा कॅनडाचं सरकार देतं, एजंट फक्त फॉर्म भरतो. पण पासपोर्टावर खरा व्हिसा बघितल्यावर पुढची बुकिंगं खोटी असतील असं कोणाच्या मनात येईल? त्यातही त्याने माणशी २७,५०० म्हणजे १,१०,००० उकळले. सरकारी फी माणशी १०० कॅनडियन डॉलर. ठशांचे ८५, पण कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त १७०. चौदा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत. माझा मुलगा अकरा वर्षांचा, त्याचेही पैसे लावले. सगळे मिळून ५७० डॉलर होतात, त्या वेळच्या भावाने पस्तीस हजारांच्या आसपास. फी किती ते कॅनडा सरकारच्या साइटवर लिहिलेलं आहे, कार्डाने घरबसल्या भरता येते. एजंटाला आकडा विचारूच नका.

आता त्या संध्याकाळबद्दल लिहितो. फेब्रुवारी महिना होता आणि आम्ही चौघं त्याच्या ऑफिसात बसलो होतो. त्याने रंगीत छापलेला कार्यक्रम समोर ठेवला. एका पानावर होतं: सकाळी बॅन्फहून खाजगी गाडीने मोरेन लेक, दुपारी लेक लुईसवर होडी, रात्री जास्परला मुक्काम. पुढच्या पानावर: सकाळी जास्पर, संध्याकाळी व्हँकुव्हर शहर दर्शन. मुलगी मोबाइलवर बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मोरेन लेकचा रस्ता मे महिन्यात बंद असतो. आणि तिथे खाजगी गाडी सोडत नाहीत."

तो दचकलासुद्धा नाही. हसून म्हणाला, "बाळा, ते साध्या टुरिस्टांसाठी. आपल्याकडे स्पेशल परमिट असतं." मग माझ्याकडे वळला. "दादा, बरं झालं विषय निघाला. पार्क परमिटचं राहिलंच होतं." त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनाने त्याने लिहिलं: १५,६०० × ४ = ६२,४००. मुलीने त्याची चोरी पकडली होती आणि त्याने तिच्याच प्रश्नाचं बिल फाडलं. ती पुन्हा काही बोलू लागली तेव्हा मी तिला "असू दे गं" म्हणालो. ते तीन शब्द अजून मला झोपू देत नाहीत.

मुलीचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं. मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. २०२३ पासून तिथे खाजगी गाड्यांना बंदी आहे, पार्कच्या किंवा परवानाधारक कंपन्यांच्या बसने जावं लागतं. लेक लुईसचा बर्फ बहुतेक वर्षी जूनच्या तोंडावर वितळतो, मे महिन्यात होडी कसली घालणार? जास्पर ते व्हँकुव्हर जवळजवळ आठशे किलोमीटर, तेही डोंगरातून. सकाळी निघून संध्याकाळी शहर बघणं शक्यच नाही. आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट असतो. माझ्या दोन्ही मुलांचं 'परमिट' म्हणून त्याने ३१,२०० रुपये शुद्ध हवेतले घेतले.

लोक म्हणतात, नकाशा बघायचा होतात. आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. पेडण्याहून काणकोणला जाऊन आम्ही रात्री जेवायला घरी येतो. एकटं बॅन्फ राष्ट्रीय उद्यान ६,६४१ चौरस किलोमीटरचं आहे. तिथली अंतरं, तिथला बर्फ आम्हाला कळत नाही, म्हणून तर माणूस जाणकाराला पैसे देतो! डॉक्टरकडे गेल्यावर आपण स्वतः नाडी बघत नाही.

एप्रिलच्या शेवटी विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, टाकला तर काहीच दिसेना. आधी दिसत होता, नावं बरोबर होती, सीटसुद्धा होत्या. ही जागा नुसती धरून ठेवलेली असते, पैसे न भरल्यास आपोआप रद्द होते. पीएनआर सहा अक्षरांचा असतो. त्याला भुलू नका. पैसे भरून तिकीट निघालं की तेरा आकडी तिकीट नंबर येतो, तो मागा आणि विमान कंपनीला स्वतः फोन करून पडताळा. हॉटेलांचंही तेच. फुकट रद्द करता येणारी बुकिंगं करायची, कन्फर्मेशनचा कागद गिऱ्हाइकाला द्यायचा आणि मागून रद्द करायची. मुलीने रात्र जागून एकेका हॉटेलला मेल केले. सगळ्यांचं उत्तर एकच, ह्या नावाने बुकिंग नाही. जास्परच्या लॉजचं उत्तरच आलं नाही. शोधल्यावर कळलं, जुलै २०२४ च्या वणव्यात जास्पर गावातल्या सुमारे तीस टक्के इमारती जळाल्या, त्यात ते लॉजही गेलं. जळून गेलेल्या लॉजमधली मुक्कामाची रात्र त्या माणसाने आम्हाला विकली होती.

टीसीएस, म्हणजे टूर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर, म्हणून ४८,००० वेगळे घेतले होते. परदेशी टूरवर टीसीएस लागतो हे खरं आहे, म्हणूनच कोणाला शंका येत नाही. पण तो तुमच्या पॅनवर भरला गेला तर आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या कर-उताऱ्यात (तेव्हा तो फॉर्म २६ एएस) दिसायला हवा. आमच्यात एक रुपया नाही. कोणी परदेशी टूरचे हप्ते भरत असाल तर आजच बघा.

ऑफिसला कुलूप. फोन आधी "मीटिंगमध्ये आहे दादा", मग बंद. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने निम्मं ऐकून म्हटलं, "हा पैशांचा व्यवहार, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." जळलेल्या लॉजची पावती दाखवली तरी सिव्हिल! अर्ज घेतला, पोच देईनात. दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबरकडे जा. तिकडे म्हणाले, तुम्ही माणसाला ओळखता, चहा प्यायला आहात, मग हा सायबर गुन्हा कसा? परत ठाण्यावर जा. बँकेत गेलो तर "पोलिसांचं पत्र आणा, त्याशिवाय खातं गोठवता येत नाही." पोलीस म्हणतात आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. एजंटाचा परवाना बघणाऱ्या सरकारी कार्यालयात कारकुनाने रजिस्टर उघडून सांगितलं, हा आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे परवाना असलेल्याने फसवलं तर कारवाई आणि बिनपरवान्याने फसवलं तर मोकळीक? हे कोणतं राज्य आहे? दुकानावर पाटी लावून तो राजरोस धंदा करत होता, तेव्हा हे रजिस्टर कुठे होतं? एका अधिकाऱ्याने माझ्या बायकोला तोंडावर विचारलं, "शिकलेली माणसं ना तुम्ही?" ज्याने पैसे खाल्ले त्याला हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

ठाण्यात तोंडी बोलू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक, असं अर्जात लिहा, दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. एफआयआर घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरी हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन करा, नंतर खात्यात काही उरत नाही. आमची तिकिटांची रक्कम त्याने कंपनीच्या नव्हे, बायकोच्या बचत खात्यावर मागितली होती, "लिमिट संपलंय" म्हणून. कंपनीच्या खात्याशिवाय दुसरीकडे पैसे मागितले की तिथूनच उठा.

मध्यंतरी समितीतल्या लोकांनी दबाव आणल्यावर त्याने ३,००,००० चा चेक दिला. तो परत आला. परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेकची केस हातची जाते. आमची नोटीस वेळेत गेली, पंधरा दिवसांत त्याने काही भरलं नाही आणि केस दाखल झाली आहे. बाकीच्या रकमेसाठी ग्राहक आयोगात तक्रार केली. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. पोलिसांचा एफआयआर शेवटी नोंदला गेला, तो वकिलाने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकल्यावर.

तो आता दुसऱ्या नावाने दिवाळीच्या सुट्टीसाठी न्यूझीलंडची बुकिंगं घेतोय असं कळलंय. कार्यक्रमाच्या कागदाचा रंग, मांडणी, सगळं तेच. ज्यांनी ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि बँकेचे उतारे जपून ठेवा, एकही मेसेज पुसू नका आणि लाज सोडून पुढे या. वकील म्हणतात, एकाच माणसाविरुद्ध अनेकांच्या तक्रारी जोडल्या गेल्या की 'सिव्हिल मॅटर' म्हणून कोणाला हाकलून देता येणार नाही. आमच्या केसची पुढची तारीख जवळ आली आहे.