कॅडमियमचा टांका, बिनकॅडमियमचा टांका की लेझर? सोनारकामाचा नवा कारखाना लावणाऱ्यांसाठी

भाच्याने इंदूरच्या सराफ्यात वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली घेतली आहे. दोन कारागीर बसवणार आहे. मला विचारत होता, "मामा, टांका कुठला वापरू?" झाळीला, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडायला वितळवतात त्या मिश्रधातूला, इथे सगळे टांकाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. त्याला जे सांगितलं ते इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर मांडतो आहे.

आधी कॅडमियमचा, म्हणजे केडीएमचा टांका. तो बाजारात आला त्याला कारण होतं. जुना टांका सोनं आणि तांब्याचा असे, साधारण 60-40 चा. दागिना मोडीत गेला की टांक्यातल्या तांब्यामुळे घट यायची आणि गिऱ्हाईक सोनाराला चोर म्हणायचं. 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम असा टांका केला की दागिन्याचा कस खाली येत नाही. शिवाय तो कमी आचेवर, पाण्यासारखा धावतो. ठुशीचे मणी जोडताना शेजारचा जोड न सुटता नवा जोड बसतो. मी वीस वर्षं तो वापरला आहे, त्यामुळे त्याचा गुण नाकारणार नाही.

पण तो धावतो कसा, ते पाहा. कॅडमियम 321 अंशांला वितळतं आणि 767 अंशांच्या आसपास उकळतं. सोनं वितळायलाच 1064 अंश लागतात. मुशीतल्या पातळ सोन्यात कॅडमियमचा तुकडा टाकला की त्यातला काही भाग तिथेच वाफ होऊन उडतो आणि हवेत त्याचं ऑक्साइड होतं. आमच्या जुन्या खोलीत शेगडीच्या मागच्या भिंतीवर तपकिरी पूड बसायची. आई ती ओल्या फडक्याने पुसायची आणि तेच फडकं मोरीत धुवायची. आम्हाला ती काजळीच वाटायची.

या धुराला धड वासही नसतो, त्यामुळे माणूस सावध होत नाही. घसा खवखवतो, तोंडात धातूची चव येते, आणि काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, छातीत जडपणा. धूर जास्त असेल तर एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरून माणूस दगावूही शकतो. त्या खोलीत टांका करणाऱ्या आमच्या दादांना त्या रात्री अनेकदा ताप भरायचा. घरात सगळे म्हणायचे, हवा बदलली. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षं जात राहिला तर कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, आणि तिथलं निम्मं बाहेर पडायलाच 10 ते 30 वर्षं लागतात. हाडंही ठिसूळ होतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1993 मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं.

भाच्यासमोर मी कागदावर हिशेब केला. दहा ग्रॅम टांक्यात 800 मिलिग्रॅम कॅडमियम. त्यातला शंभरातला एकच भाग उडाला असं धरू, म्हणजे 8 मिलिग्रॅम. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत साधारण 28 घनमीटर हवा. म्हणजे एका घनमीटरला जवळजवळ 285 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत कामगारासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे 5 मायक्रोग्रॅम. खिडकी उघडी असेल तर धूर लवकर जाईल, मान्य. पण फुंकणी तोंडात धरून ज्वाळेपासून वीतभर अंतरावर बसलेल्या कारागिराच्या नाकाशी खोलीची सरासरी नसते, त्याहून कितीतरी जास्त असतं. रात्री कारागीर पोरं त्याच खोलीत जेवतात, झोपतात.

दूध आणि गूळ घेतल्याने हा धातू निघत नाही. रुमाल बांधल्याने धूर अडत नाही. छताचा पंखा तो शेजारच्या कारागिराकडे ढकलतो. विडी ओढणाऱ्याचं दुहेरी नुकसान होतं, कारण तंबाखूतही कॅडमियम असतं.

आता बिनकॅडमियमचा टांका. यात सोन्याबरोबर जस्त, तांबं, चांदी, इंडियम अशी मिश्रणं असतात. 916 च्या, म्हणजे 22 कॅरेटच्या कामाला चालणाऱ्या कसाचा तयार टांका पट्टीत किंवा पेस्टमध्ये मिळतो. कस राखला जातो, म्हणजे केडीएमचं मुख्य कारणच उरत नाही. कारागीर मात्र सुरुवातीला कुरकुर करतात. तो तितका आपसूक धावत नाही. जोड स्वच्छ हवा, फट बारीक हवी, टाकणखार नीट लागायला हवा आणि ज्वाळा हलती ठेवावी लागते. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस बरेच जोड पुन्हा करावे लागले. त्यानंतर कोणी तक्रार केली नाही. जस्ताचा धूरही निरुपद्रवी नाही, त्यानेही ताप येतो, पण तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि जस्त कॅडमियमसारखं मूत्रपिंडात साठून राहत नाही. शेगडीवर धूर ओढून बाहेर टाकणारा हूड इथेही लागतोच. आणि टांका घरी मुशीत करू नका, तयारच घ्या. सगळ्यात जास्त धूर तिथेच होतो.

लेझरबद्दल थोडक्यात. टांकाच लागत नाही, धातू धातूलाच जुळतो. जडावाच्या दागिन्याची दुरुस्ती, पातळ साखळीचा तुटलेला दुवा, यासाठी उत्तम. पण मशीन लाखांत जातं, डोळ्यांची काळजी घ्यावी लागते, आणि एकेक ठिपका मारत ठुशी जोडणं परवडत नाही. दुरुस्तीचं काम भरपूर असेल तरच घ्या.

भाच्याला मी बिनकॅडमियमचा टांका आणि हूड घ्यायला सांगितलं. लेझर न घेतल्याने वाचलेल्या पैशांतून पोरांच्या झोपण्याची सोय दुसरीकडे कर, हेही सांगितलं. सोन्यावर हॉलमार्क 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्यामुळे मोठे सराफ केडीएमचं काम आता घेत नाहीत. पैंजण-जोडव्यांच्या चांदीकामात मात्र कॅडमियमवाला टांका अजून दिसतो. पुडक्यावर 'केडीएम फ्री' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. टंचाच्या, म्हणजे धातूचा कस मोजणाऱ्या मशीनवर तुकडा लावून बघा, कॅडमियम असेल तर तिथे दिसतं.

ज्यांनी वर्षानुवर्षं तो टांका वापरला आहे, त्यांनी लघवीतल्या कॅडमियमची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेच्या नियमात लघवीतल्या क्रिएटिनिन या नेहमीच्या टाकाऊ घटकाच्या एका ग्रॅममागे 3 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की कामगारावर जास्त लक्ष ठेवतात. मी केली आहे. माझा आकडा त्याच्या खाली आला. दादांची तपासणी करायचं तेव्हा कोणाला सुचलंच नाही.

एक गोष्ट टांका बदलूनही सुटत नाही. मोडीत येणाऱ्या जुन्या पाटल्या, तोडे, मोहनमाळा यांच्या जोडांत कॅडमियम आहेच, आणि मूस तापली की ते बाहेर येतं. पाटाखालचा कचरा गोळा करून नेणाऱ्या आणि त्यातलं सोनं काढणाऱ्या न्यारियाच्या भट्टीतही तेच होतं. म्हणून जुना माल आला की आधी टंच काढा, कॅडमियम निघालं तर पुडीवर लाल पेनने लिहा आणि ती पुडी हूडखालच्या मुशीसाठीच वेगळी ठेवा. न्यारियाला कचरा देताना त्यालाही ते सांगा.