वसईची मात्रिझ: एका हेरिटेज वॉकचा अनुभव

वसईच्या किल्ल्यात हेरिटेज वॉक आयोजित करणारे गट आता बरेच झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेक सगळे किल्ला दाखवतात, म्हणजे दरवाजे, बुरूज, बालेकिल्ला, चिमाजी आप्पांचे स्मारक आणि वाटेत लागतील तेवढी चर्चे, असा त्यांचा क्रम असतो. मी ज्या फेरीत डिसेंबरमधील एका रविवारी सकाळी सहभागी झालो, तिची जाहिरात वेगळी होती. तीन तासांत एकच इमारत नीट पाहायची, आणि ती म्हणजे सागरी दरवाज्याच्या बाजूची संत जोसेफ यांच्या नावाची मात्रिझ, म्हणजे पोर्तुगीज काळातले गावाचे मुख्य चर्च, असे त्यात म्हटले होते. एका पडक्या चर्चसाठी तीन तास कसे पुरवणार, अशी शंका मनात होती. ती पहिल्या अर्ध्या तासातच गेली, आणि शेवटी वेळ उलट कमी पडला.

फेरीची सुरुवात सागरी दरवाज्यातून झाली, हा निर्णय मला फार योग्य वाटला. मोटारीने येणारा माणूस जमिनीच्या बाजूने किल्ल्यात शिरतो, त्यामुळे मात्रिझ त्याला अगदी शेवटी, पाय दुखू लागल्यावर दिसते. परंतु ज्यांच्यासाठी ती बांधली गेली ते लोक गलबतांतून येत होते, आणि धक्क्यावर उतरून दरवाजा ओलांडला की त्यांना आधी याच चर्चचा मनोरा दिसत असणार. आजही किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडून चालत येताना माडांच्या वर तोच उभा दिसतो. मार्गदर्शकाने आम्हाला दरवाज्यापाशी थांबवून फक्त तेवढेच पाहायला सांगितले, आणि मग शांतपणे इतिहास सांगायला घेतला. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई पोर्तुगिजांना दिली, आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १५४६ मध्ये, राजा तिसरा जोआंव याच्या आदेशाने हे चर्च उभे राहू लागले.

‘मात्रिझ’ या शब्दाचा अर्थ त्याने ज्या पद्धतीने उलगडला, त्यासाठीच मी ही फेरी इतरांना सुचवेन. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांची, म्हणजे व्रतस्थ धर्मगुरूंच्या संघटनांची, चर्चे होती. प्रत्येक चर्चला लागून त्या त्या संघाचा मठ किंवा विद्यालय असे आणि तेथील कारभार संघाच्या वरिष्ठांकडे असे. मात्रिझ यांपैकी कोणाचीही नव्हती. ती गावाची होती, म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य चर्च होती. तिथला धर्मगुरू, म्हणजे व्हिकार, हा संघाचा नसून गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील असे. हा फरक समजल्याशिवाय दारावरच्या शिलालेखाकडे पाहून काही उपयोग नाही, असे तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे निघाले.

शिलालेख पोर्तुगीज भाषेत आहे. त्याचा आशय असा की १६०१ या वर्षी, दों फ्रेय आलेइशू द मेनेझिस हे आर्चबिशप असताना आणि पेद्रू गाल्वांव परेरा हे व्हिकार असताना, या मात्रिझचे नूतनीकरण झाले. एरवी या दोन नावांवरून नजर घसरून गेली असती. पण संघाचा कोणताही उल्लेख नाही, फक्त आर्चबिशप आणि व्हिकार ही दोनच नावे आहेत, म्हणजे ही धर्मग्रामाची इमारत आहे हे दगडच सांगतो आहे, हे लक्षात आल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा वर पाहिले. मेनेझिस म्हणजे ज्यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरवली तेच आर्चबिशप. तिथल्या थोमा ख्रिस्ती, म्हणजे संत थोमाची परंपरा सांगणाऱ्या जुन्या ख्रिस्ती, समाजाच्या इतिहासात ज्यांचे नाव आजही वादाच्या संदर्भात निघते, त्यांचेच नाव वसईच्या या दारावर असावे, ही गोष्ट मला घरी परतल्यावरही बराच वेळ अस्वस्थ करत राहिली.

याच मुद्द्यावरून मार्गदर्शकाने एक प्रचलित चूक दुरुस्त केली. माहितीपत्रकांत आणि समाजमाध्यमांवर या वास्तूला सर्रास ‘कॅथिड्रल’ म्हटले जाते. परंतु कॅथिड्रल म्हणजे बिशपच्या आसनाचे चर्च, आणि पोर्तुगीज काळात वसईला स्वतःचा बिशप नव्हता. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे कॅथिड्रल किल्ल्यात नाही, पापडीच्या कृपामातेच्या चर्चमध्ये आहे. इतके नेमके बोलणारा मार्गदर्शक मला यापूर्वी भेटलेला नाही.

स्थापत्याचा भाग फेरीत सर्वांत समृद्ध होता. आत शिरल्यावर वर मोकळे आकाश दिसते आणि पाहणाऱ्याचा समज होतो की छत कोणीतरी पाडले. मार्गदर्शकाने आधी आम्हालाच विचारले की मुख्य दालनाच्या भिंतींवर दगडी कमानी छताच्या खुणा कुठे दिसतात का. त्या दिसत नाहीत, कारण मुळात तिथे लाकडी छप्पर आणि कौले होती. दगडी छत होते ते वेदीच्या भागावर. लोकांच्या बसण्याच्या लांब-रुंद दालनावर लाकूड आणि वेदीवर दगड ही विभागणी उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा आढळते, आणि म्हणूनच या अवशेषांत मधला भाग उघडा पडलेला आणि वेदीकडचा भाग त्या मानाने टिकलेला दिसतो. ही एक गोष्ट समजली की किल्ल्यातल्या इतर चर्चांचीही रचना आपोआप कळू लागते. मी नंतर एकटाच फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जाऊन आलो, तेव्हा जमिनीतल्या थडग्यांच्या लेखांकडे पाहण्यापूर्वी माझी नजर सवयीने आधी वर गेली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून आम्ही दगडकामही पाहिले. दारे, खिडक्या, कोपरे आणि कमानी यांना घडीव काळा दगड, आणि मधली भिंत ओबडधोबड दगड चुन्यात बसवून वर गिलावा केलेली, अशी पद्धत आहे. गिलावा गेल्यामुळे आज भिंतीचा सांगाडा दिसतो आणि आपल्याला तोच मूळ रूपाचा भाग वाटतो, पण ही भिंत पांढरी, चुन्याने झाकलेली असायला हवी होती, कारण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपासून तिचे रक्षण चुनाच करत होता. वसईचा हा घडीव दगड गोव्यापर्यंत गेला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावर जांभ्याबरोबर जो काळा दगड कोरलेला आहे, तो वसईहून नेलेला आहे. वसईकर म्हणून हे ऐकताना माझी छाती फुलली, हे मी लपवणार नाही.

मे १६१८ मधील वादळाचा उल्लेख झाला तो मात्र फार त्रोटक. त्या वादळात समुद्र शहरात घुसला आणि मोठ्या चर्चांची छपरे उडाली अशी नोंद आहे, आणि लाकडी छपरांविषयी इतके सविस्तर सांगितल्यावर हा प्रसंग तिथेच जोडून घेणे सहज शक्य होते.

आता ज्यामुळे मी पूर्ण समाधानी झालो नाही त्या गोष्टी. पहिली घंटांविषयी आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर इथल्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या मंदिरांना दिल्या, हे सर्वज्ञात आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे वर्ष आहे, तर मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ आणि मरियामातेची आकृती आहे. या घंटा मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी बोलावे तेवढे थोडेच आहे. परंतु त्यांपैकी अमुक घंटा याच मनोऱ्यातली, असे मार्गदर्शकाने ठामपणे सांगितले. घंटेवरच्या वर्षावरून ती कोणत्या मनोऱ्यातून उतरवली हे ठरत नाही. शिलालेखाच्या बाबतीत इतकी काटेकोर असणारी व्यक्ती इथे ऐकीव गोष्टीवर गेली, याचे मला वाईट वाटले.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. फेरीचे कथन मे १७३९ मध्ये थांबले. चिमाजी आप्पांचा वेढा, पोर्तुगिजांची शरणागती आणि लगेच ‘मग हे सगळे ओस पडले’ असे एक वाक्य. ऐकणाऱ्याच्या मनात यामुळे असे चित्र राहते की तोफांनी चर्च पाडले आणि उपासना संपली. वास्तविक शरणागतीच्या अटींमध्ये ख्रिस्ती लोकांच्या उपासनेची तरतूद होती. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेने हा किल्ला वेढा देऊन जिंकला, आणि एकोणिसाव्या शतकात तर याच आवारात ऊस लावून साखर काढण्याचा उद्योग झाला. शंभर-सव्वाशे वर्षांची ही उपेक्षा आणि मोडतोड वगळून एका वेढ्यावर सगळा भार टाकणे इमारतीवरही अन्याय आहे आणि मराठ्यांवरही. तिथले लोकही कुठे निघून गेले नाहीत. आमच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर किल्लाबंदरला रविवारच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतणारी माणसे रस्त्यावर दिसत होती, आणि किल्ल्यातल्याच जेझुइट चर्चमध्ये संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आजही मिस्सा होते. गार्सिया वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले. त्यांचे नावही या तीन तासांत आले नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात लिहितो. गट वीस जणांचा होता, तो बारा-पंधरांचा असता तर शिलालेखापाशी मागे उभ्या असलेल्यांना नीट ऐकू आले असते. जमीन खडबडीत असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणावी, आणि सावली फार थोडी आहे हे आयोजकांनी आधी कळवायला हवे होते. आवारात लग्नापूर्वीची छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींची गर्दी दहानंतर वाढते, म्हणून सात वाजताची वेळ मात्र त्यांनी अचूक निवडली आहे.

मी आयोजकांना लेखी कळवले आहे की शेवटचा अर्धा तास पापडीला न्यावा, म्हणजे १६०१ च्या शिलालेखातले धर्मग्राम आणि आजचे धर्मग्राम एकाच सकाळी पाहता येईल. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते, आणि पुढच्या हंगामात तसा प्रयत्न करू असे त्यांनी म्हटले आहे. तसे झाले, तर मी आईला घेऊन पुन्हा जाणार आहे. तिने लहानपणापासून हा मनोरा दुरूनच पाहिला आहे, आणि दारावरची ती दोन नावे तिला मी स्वतः वाचून दाखवायची आहेत.