क्यूटीत स्वतःची विजेट लिहिता? मग गॅमारे घ्याच

क्यूटी या प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात स्वतःची विजेट (पडद्यावरचे बटण, डायल असे घटक) बनवणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर गॅमारे असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. केडीएबी या कंपनीचं हे टूल ओपन सोर्स आहे आणि चालू प्रोग्रॅमच्या आत काय चाललंय ते उघडून दाखवतं. त्यासाठी आपल्या कोडमध्ये एक ओळही घालावी लागत नाही.

आमच्या कंट्रोल पॅनलवर एक गोल डायल आहे. क्यूविजेट या क्यूटीच्या मूळ विजेटवरून बनवलेला, मधोमध आकडा दाखवायला क्यूलेबल, म्हणजे मजकूर दाखवणारं विजेट. टेस्टिंगकडून तक्रार आली की डायल कडेला धरून फिरवला तर फिरतो, पण आकड्यावर क्लिक करून ओढला तर ढिम्म हलत नाही. उजव्या क्लिकचा मेनू मात्र तिथेही उघडतो! असल्या ठिकाणी ब्रेकपॉइंट (डीबगरला प्रोग्रॅम ठरावीक ओळीवर थांबवायला सांगणारी खूण) लावला की वैताग येतो. डीबगर पुढे आला की आपल्या खिडकीचा फोकस जातो, नवेच इव्हेंट (क्लिक, फोकस अशा घटनांचे निरोप) मध्ये घुसतात आणि मूळ क्रम बिघडतो.

गॅमारेच्या इव्हेंट मॉनिटरमध्ये फक्त माऊसचे प्रकार चालू ठेवले. (पेंट आणि टायमर आधी बंद करा, नाहीतर यादी नुसती धावत सुटते.) आकड्यावर क्लिक केलं, तर रिसिव्हर, म्हणजे इव्हेंट घेणारा, म्हणून लेबल दिसलं. मग कंट्रोल-शिफ्ट दाबून तिथेच क्लिक केलं, की ते विजेट झाडात (विजेटच्या उतरंडीच्या यादीत) निवडलं जातं आणि त्याच्या प्रॉपर्टी समोर येतात. टेक्स्टइंटरॅक्शनफ्लॅग्ज या प्रॉपर्टीत टेक्स्टसिलेक्टेबलबायमाऊस, म्हणजे माऊसने मजकूर निवडू देणारा फ्लॅग, चालू होता. एरवी लेबल माऊसप्रेस (बटण दाबल्याचा इव्हेंट) इग्नोर करतं, म्हणून तो पॅरेंटपर्यंत, म्हणजे डायलपर्यंत, पोचतो. मजकूर सिलेक्ट करण्याजोगा केला, की डावं क्लिक लेबल स्वतःकडेच ठेवतं, उजवं सोडून देतं. पुढचे मूव्ह आणि रिलीजही मग लेबललाच मिळतात. प्रोग्रॅम चालू असतानाच तो फ्लॅग काढला आणि डायल फिरायला लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

घेण्याआधी एवढं बघा: गॅमारेचा प्रोब (तुमच्या प्रोग्रॅमच्या आत शिरणारा भाग) तुमच्या प्रोग्रॅमच्या क्यूटी आवृत्तीशी जुळणारा लागतो, त्यामुळे बऱ्याचदा स्वतः बिल्ड करावं लागतं. उबंटूवर आधीच चालू असलेल्या प्रोग्रॅमला जोडताना कर्नलचं पीट्रेसचं (एका प्रोग्रॅमने दुसऱ्यात डोकावण्यावरचं) बंधन आडवं येतं. त्यापेक्षा प्रोग्रॅम गॅमारेमधूनच सुरू करा. आणि प्रत्येक विजेटला ऑब्जेक्टनेम, म्हणजे स्वतःचं नाव, द्या, नाहीतर झाडात नुसते मेमरीचे पत्ते वाचत बसाल.