दोघांसाठी दोन दिवस: खिंडसी, सिल्लारी की पचमढी?

शनिवारी पहाटे नागपुरातून निघायचं, रविवारी रात्री घरी. दोघंच जायचं आणि यावेळी मोकळ्यावर काहीतरी करून पाहायचं, असं ठरलं की तीन नावं हमखास पुढे येतात: रामटेकजवळचा खिंडसी तलाव, पेंच व्याघ्र प्रकल्पातलं सिल्लारी आणि सातपुड्यातली पचमढी. तिन्हींचे फोटो देखणे असतात आणि बहुतेकांची निवड त्या फोटोंवरूनच होते. पहिल्यांदा बोट, तंबू किंवा डोंगर करून पाहणाऱ्या जोडप्यानं मात्र आधी एवढंच पाहावं: मध्येच काही बिनसलं तर परत फिरायला किती वेळ लागेल?

खिंडसी नागपूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, दीड तासात घर. सिल्लारी सत्तरच्या आसपास, दोन तास धरा. पचमढी सुमारे २५० किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता घाटाघाटाचा. तिथल्या चौरागड या देवस्थानाच्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवर एकाचा गुडघा धरला तर आधी पायऱ्या उतरायच्या, मग जीपनं गावात यायचं आणि मग सहा-सात तासांची गाडी. दोघांपैकी एकाला सवय असते, दुसऱ्याला नसते. म्हणून जो आधी थकेल त्याच्या हिशोबानं जागा निवडावी.

खिंडसी: वारा पाहून पाण्यात उतरा

पहिल्या सहलीसाठी आमचं मत खिंडसीलाच. दिवसभराचा कार्यक्रम होतो, राहायचं नसेल तर तेही चालतं. पण ‘साधं बोटिंगच तर आहे’ म्हणून लोक बेसावध राहतात आणि तिथेच फसतात.

सगळ्यात जास्त फजिती पेडल बोटीत होते, आणि तिचं कारण वारा. सकाळी तलाव शांत असतो. ऊन चढलं की वारा वाढतो. किनाऱ्यावरून निघताना वारा पाठीमागून असेल तर बोट सरसर जाते, दोघं खूश होतात आणि लांब जातात. परतताना तोच वारा तोंडावर येतो. पेडल बोटीचं अंग रुंद आणि पाण्याच्या वर उंच, त्यामुळे वारा तिला शिडासारखा ढकलतो. पाय चालत राहतात, बोट जागची हलत नाही, मांड्या भरून येतात आणि भांडण सुरू होतं. उपाय सोपा आहे: आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जा, दमलात की वळा, येताना वारा तुम्हाला आणून सोडेल. निघण्याआधी किनाऱ्यावरचं गवत किंवा ओढणीचं टोक कुठे उडतंय ते पाहायला अर्धा मिनिट पुरतो. हिवाळ्यात सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम.

बोटीत चढताना एकानं आधी पाय मधोमध ठेवून बसायचं, मगच दुसऱ्यानं चढायचं. हात द्यायला म्हणून पहिला उभा राहिला की दोघांचं वजन एकाच कडेला जातं. दोघांच्या वजनात बराच फरक असेल तर बोट जड बाजूला कलते आणि सरळ जात नाही, सुकाणूचा दांडा सतत थोडा उलट धरावा लागतो. पिशवी हलक्या माणसाच्या बाजूला ठेवली तरी बराच फरक पडतो. ओढणी किंवा साडीचा पदर पेडलमध्ये अडकतो, तेव्हा तो आधीच खोचून घ्या.

लाइफ जॅकेटबद्दल हलगर्जी नको. सगळे बक्कल लावल्यावर जोडीदारानं खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर माणूस खाली आणि जॅकेट डोक्यावर, असं होतं. आतला फोम दाबून पाहा. दाबलेला तसाच बसून राहिला, फुगला नाही, तर दुसरं मागा. पोहता येतं म्हणून जॅकेट न घालणारा नवरा आणि त्याच्या भरवशावर बसलेली, पोहता न येणारी बायको, ही जोडी सगळ्यात धोक्याची. बोट उलटली तर तिला धरून राहायचं. किनारा जवळ वाटतो, पण कपड्यांसकट पोहताना तो जवळ नसतो.

कुठे दोघांची कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) मिळाली तर जागांचा नियम लक्षात ठेवा. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं ती पाहून वल्हं मारायचं आणि दिशा सांभाळायची. पुढच्याला मागचा दिसत नाही, त्यामुळे पुढच्यानं मागे पाहून सूचना देत बसलं की वल्ही एकमेकांवर आपटतात. ताकदीचा माणूस मागे बसवा. बोट एका अंगाला वळतच राहिली तर त्याच अंगाला दोन जास्त फटके, एवढंच करायचं.

आणि गाडीची किल्ली. चष्मा, फोन, किल्ली या तिन्ही वस्तू तळाला जातात, पण घरी जाणं अडवते ती किल्लीच. रिमोटची किल्ली भिजली तर गाडी सुरू होईलच असं नाही. एक किल्ली बंद होणाऱ्या प्लास्टिक पाउचमध्ये गळ्यात घाला, दुसरी पाण्यात न उतरणाऱ्या माणसाकडे किंवा तिकीट खिडकीवर ठेवायला द्या. चष्म्याला दोरी लावा.

दुपारनंतर रामटेकचा गड. अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्या आहेत आणि वर गाडीचा रस्ताही आहे, म्हणजे एकाला चढायचं नसेल तर तो गाडीनं जाऊ शकतो. वानरं मात्र धीट आहेत. प्रसादाची पिशवी हातात लोंबत ठेवली की ती गेलीच. सॅकमध्ये टाका, चेन लावा, आणि ओढाताण झाली तर सोडून द्या. ओरखडा किंवा चावा आला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालय गाठायचं.

सिल्लारी: सफारी एक गोष्ट, तंबू दुसरी

जबलपूर रस्त्यानं मनसर ओलांडून पवनीला वळलं की सिल्लारी. इथे दोन वेगळे अनुभव एकाच सहलीत कोंबले जातात: पहाटेची सफारी आणि रात्रीचा तंबू. पहिल्याच खेपेला दोन्ही नको. तंबूत झोप लागत नाही, आणि चार वाजता उठून उघड्या जिप्सीत चार तास बसायचं म्हणजे एकजण तरी रडकुंडीला येतो. सफारी करायची असेल तर त्या रात्री खोलीत झोपा.

सफारीत पर्यटकांच्या सहा जागा असतात. दोघांनी पूर्ण गाडी घेतली तर सहाजणांचा खर्च दोघांवर येतो. बुकिंगमधलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं, शिवाय मूळ ओळखपत्र सोबत हवं. लग्नानंतर आडनाव बदललं आहे आणि आधार जुन्याच नावाचं आहे, हा घोटाळा गेटवर नेहमी होतो. मागची रांग चाकांवर येते, तिथे दणके जास्त बसतात. पाठ किंवा मान दुखणाऱ्यानं मधली रांग मागून घ्यावी. आत उतरता येत नाही, म्हणून चहा बेतानं प्या आणि गेटवरचं स्वच्छतागृह वापरूनच आत जा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो आणि धावत्या जिप्सीतला वारा त्याहून बोचतो. कानटोपी आणि हातमोजे घ्या, शिवाय हॉटेलातलं पांघरूणही मागून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, पण दुपारच्या फेरीत ४३-४४ अंशांची तयारी ठेवावी लागते. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं.

वाघापेक्षा भरवशाचा देखावा इथे आकाशात आहे. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तारीख अमावास्येच्या आसपासची निवडा. पौर्णिमेच्या शनिवारी जाऊन ‘तारे कुठेत?’ म्हणण्यात अर्थ नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि मध्ये एकदा फोन उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

तंबू लावायचा असेल तर रिसॉर्टच्या आवारात किंवा ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून. जंगलात कुठेही नाही. ‘दोन माणसांचा’ असं लिहिलेल्या तंबूत फक्त दोन अंथरुणं बसतात, सामान नाही. दोघांनी तीन माणसांचा घ्यावा आणि घरी गच्चीवर एकदा उभारून पाहावा. अंधारात, मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा उभारायला घेतला की कुठली काठी कुठल्या बाहीत जाते यावर तासभर जातो.

जागा झाडून घ्या, दगड-काटे काढा. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं आत दुमडा. ते बाहेर राहिलं तर दव किंवा पाऊस त्यावर पडून थेट अंगाखाली येतो. जमिनीला थोडा जरी उतार असेल तरी डोकं वरच्या बाजूला. खुंट्या सरळ उभ्या ठोकू नका; खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं आणि टोक तंबूकडे हवं, म्हणजे दोरी ताणली की ती अधिक घट्ट बसते. आपल्याकडची काळी माती इथे त्रास देते. कोरडी असताना ती भेगाळलेली असते आणि खुंटी भेगेत सैल बसते, ओली असताना लोण्यासारखी सुटते. अशा वेळी खुंटीवर डोक्याएवढा दगड ठेवा किंवा दोरी झाडाला बांधा.

थंडीत दोघांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. तंबू गळतोय असं वाटून लोक जाळीच्या खिडक्याही बंद करतात, मग ते आणखी वाढतं. वरच्या झडपा उघड्याच ठेवा. थंडी खालून जास्त येते, म्हणून एका जाड रजईपेक्षा अंगाखाली दोन फोमच्या मॅट जास्त उपयोगी. जाळीची चेन मात्र कायम बंद हवी, पाच मिनिटांसाठी बाहेर गेलात तरीही. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि त्याच्या चाव्याची वेदना कित्येकदा जाणवतच नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, पोट दुखू लागलं, बोलणं अडखळू लागलं तर वेळ घालवू नका: कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय. बूट घालण्याआधी उलटे करून झटका.

शेकोटी फेब्रुवारीच्या मध्यापासून नकोच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, आणि सागाची वाळलेली पानं एका ठिणगीवर पेटतात.

पचमढी: दोन दिवसांत बसत नाही

सावनेर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा रस्ता. दोन दिवसांतले बारा-चौदा तास गाडीतच जातात. त्यात तामियाच्या वळणांआधी सावजीचं भरपेट जेवण झालं असेल तर उलटी ठरलेली. वळणं लागण्याच्या तासभर आधी उलटीवरची गोळी घ्या, जिला त्रास होतो तिला पुढच्या सीटवर बसवा, आणि गोळी घेतलेल्यानं गाडी चालवू नये.

तीन दिवस मिळत असतील तर मात्र तिन्हींत देखणी पचमढीच. गाव १०६७ मीटरवर, धूपगड १३५० च्या आसपास. धूपगड, बी फॉल अशा ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही. बायसन लॉजवर परवाना आणि भाड्याची जिप्सी घ्यावी लागते, त्यातच सकाळचा वेळ जातो. चौरागडाच्या सुमारे १३०० पायऱ्या. विदर्भातून त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणारी म्हातारी माणसंही त्या चढतात, म्हणून सोप्या असतील असा समज होतो. चढताना दम लागतो आणि दम बसल्यावर बरं वाटतं. खरा त्रास उतरताना, कारण प्रत्येक पायरीला सगळं वजन एका गुडघ्यावर येतं. काठी उतरायला वापरा, पाय आडवा टाका, आणि बूट बांधताना टाच मागे टेकवून वरच्या दोन भोकांत नाडी घट्ट करा. नाहीतर अंगठ्याचं नख पुढे आपटून काळं पडतं.

बुटांचं आणखी एक. चार-पाच वर्षं कपाटात ठेवलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला नवे असतात, पण आतला पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्यानं कुजलेला असतो. पहिल्या तासाभराच्या चालीत सोल निघून हातात येतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून अंबाझरीला दोन चकरा मारा आणि तळ अंगठ्यानं दाबून पाहा. भुगा निघाला तर ते नेऊ नका.

चिखलदरा हा मधला पर्याय म्हणून सुचवला जातो. १११८ मीटर उंची, अमरावती-परतवाडामार्गे सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे अंतर फारसं वाचत नाही. रस्ता मात्र परतवाड्यापर्यंत सोपा आहे आणि तिथे फिरायला पायऱ्या कमी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच जळतो. हँडब्रेक लावून थांबा. धुक्यात हेडलाइट लो बीमवरच ठेवा, हायबीमनं समोर फक्त पांढरी भिंत दिसते.

हे सगळं वाचूनही पचमढीच हवी असेल, तर सोमवारची रजा टाका आणि चौरागडाला सकाळी आठच्या आत पायथ्याशी पोहोचा. चढायला लागण्याआधीच परत फिरण्याची वेळ दोघांनी ठरवा, समजा साडेदहा. त्या वेळी जिथे असाल तिथून वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. वळूया असं दोघांपैकी एकानं म्हटलं की दुसऱ्यानं कारण विचारायचं नाही.