सोलापुरी ताट आणि डिजिटल काटा

पाच किलोपर्यंत तोलणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा, पेन्सिल सेलवर चालणारा साधा काटा. भांड्यांच्या दुकानात पाचशेच्या आत मिळाला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीतले सगळे एकाच साच्यातले दिसतात.

घेतला तो पोटाच्या घेरासाठी. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा आणि माझी टेप बरीच पुढे जाते. सासूबाईंचं म्हणणं, "तोलून जेवायला आपण काय सोनार आहोत?" पण आमच्याकडे चरबी कमी करायची म्हटलं की पहिली भाकरी कमी होते, आणि काट्यानं नेमकं तिलाच निर्दोष सोडलं.

माझी एक पातळ कडक भाकरी ५० ग्रॅम पिठाची. ज्वारीच्या त्या पिठातून साधारण १७० कॅलरी मिळतात. तिच्यासोबत शेंगा चटणी. दोन भरगच्च चमचे तोलले तर ३० ग्रॅम भरले, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. त्यावर आम्ही तेल ओततो. एक मोठा चमचा तेल १४ ग्रॅम, आणि एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे सव्वाशे. तोंडी लावणं भाकरीच्या पुढे गेलं की! कर्बोदकांच्या आणि प्रथिनांच्या ग्रॅममागे चारच कॅलरी असतात, हे शाळेत शिकलोय सगळेच. पण चटणीवर तेल सोडताना कोणाला आठवतं? चटणी मी सोडलेली नाही. १५ ग्रॅम घेते, वर तेलाऐवजी दही.

काट्याचा सगळ्यात मोठा उपयोग तेलासाठीच. चमचा तोलू नका. तेलाची बरणी काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, बरणी उचलून फोडणीपुरतं तेल ओता आणि परत ठेवा. उणे चिन्हासह जो आकडा येईल तेवढं तेल गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. आता आपापल्या घरचा हिशोब करा: चौघांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम होतात. बाहेरची भजी त्यात नाहीत.

डाळ मात्र कोरडी तोला. आमची आमटी इतकी पातळ की वाटीवरून काहीच कळत नाही. ५० ग्रॅम कोरड्या डाळीत ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला रोज निदान ५० लागतात. खाणं कमी करताना ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डाळ वाढवली, शिवाय रोज ताक आणि अंडं. पालेभाजी, काकडी, टोमॅटो मी तोलतच नाही. तो वेळ फुकट.

आता काट्याच्या खोडी. दोन मिनिटं हात थांबला की बंद पडतो आणि मधलं वजन विसरतो. चिमूट चिमूट टाकलेलं मीठ त्याला कळत नाही. परात ठेवली की आकडे तिच्याखाली झाकले जातात, मान वाकडी करून बघावं लागतं. एककाचं बटण चुकून दाबलं गेलं की ग्रॅमचे औंस होतात आणि घरभर गोंधळ. सोबत सांगितलेलं मोबाईल ॲप घेऊ नका. त्यात पिझ्झा पाच प्रकारचा आहे, धपाटं नाही.

ज्यांना आकड्यांनी जेवण नकोसं होतं त्यांनी घेऊच नये. बाकीच्यांनी दुकानातच पारखून घ्यावा. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. पाच नाणी एकदम ठेवा, ३९ च्या आसपास दिसायला हवं. एकदा मध्यभागी ठेवून बघा, एकदा कडेला. दोन्हीकडे वेगवेगळा आकडा आला तर दुसरा मागा.