मृत काकांचे ‘खात्रीचे मत’ आणि आमचे १,६०,००० रुपये

डिसेंबर २०२५ च्या नगरपंचायत निवडणुकीत आमचा प्रभाग सर्वसाधारण महिलेसाठी राखीव निघाला, पत्नीने अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि त्याच आठवड्यात ‘निवडणूक व्यवस्थापन’ करणारा एक गृहस्थ आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी अडाणी नाही. बावीस वर्षे पतसंस्थेत हिशेब तपासले आहेत, आणि म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो.

त्याने प्रथम बयाणा म्हणून २१,००० रुपये रोख घेतले, नंतर ‘घरनिहाय सर्वेक्षणा’चे ६५,००० रुपये, तेही रोखच. त्या बदल्यात रंगीत छापलेली जाडजूड फाइल मिळाली. तिच्यात प्रत्येक मतदान केंद्रावर मागील विधानसभेला कोणाला किती मते पडली याचे तक्ते होते आणि ती ‘आतली माहिती’ असल्याचे त्याने आवाज खाली आणून सांगितले. वास्तविक विधानसभेची केंद्रनिहाय मते ‘फॉर्म २०’ मध्ये असतात आणि तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, मतदार यादीही तशीच मिळते, हे मला निकालानंतर एका कॉलेजच्या पोराने दोन मिनिटांत दाखवले. शिवाय विधानसभेला माणूस चिन्ह पाहतो आणि प्रभागात भावकी पाहतो, रात्री दवाखान्यात जायला गाडी कोणी काढली ते पाहतो. २ डिसेंबरला एकाच मतदाराने नगराध्यक्षाचे मत एकीकडे आणि सदस्याचे दुसरीकडे दिल्याची उदाहरणे तर आमच्याच आळीत आहेत. हे सगळे मला ठाऊक होते, तरी छापील तक्त्यापुढे मी स्वतःची अक्कल गहाण टाकली.

आता ती गोष्ट, जी रोज रात्री डोळ्यांपुढे येते. सर्वेक्षणात आमच्या बाजूच्या नावांना हिरवा, काठावरच्यांना पिवळा आणि विरोधकांना तांबडा रंग दिलेला होता. पत्नी पाने उलटत होती आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “अहो, हे आपले अण्णाच ना?” अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. ते श्रावणात वारले, त्यांना अग्नी मी दिला. यादीतून नाव वगळले गेले नव्हते, ते समजण्यासारखे आहे. परंतु त्या हिरव्या ओळीपुढे ‘प्रत्यक्ष भेट, खात्रीचे मत’ असे लिहिले होते. मी काय म्हणालो? “छपाईची चूक असेल, एवढे काय!” पहिले ८६,००० रुपये त्याने माझ्याकडून काढले असे मी म्हणू शकतो. त्यानंतरचे ७४,००० मी डोळे उघडे ठेवून दिले.

त्यातले २४,००० रुपये ॲप आणि ध्वनिमुद्रित फोनसाठी यूपीआयने दिले. उरलेले ५०,००० पुण्याला राहणारे ३१ मतदार गाड्यांनी आणण्यासाठी मतदानाच्या आदल्या रात्री रोख मोजले. ते नियमात बसत नाही हे मला माहीत होते, पण समोरचा उमेदवार बाहेरगावचे मतदान उतरवणार असल्याची हवा उठली होती आणि त्या हवेत शहाणा माणूसही वाहून जातो. साडेसातला मतदान सुरू झाले. मी दुपारपर्यंत एसटी स्थानकासमोर उभा होतो, एकही गाडी आली नाही, आणि तीन वाजता त्याचा फोन बंद झाला. मतमोजणी न्यायालयाच्या आदेशाने ३ ऐवजी २१ डिसेंबरला गेली, त्यामुळे त्याला पसार व्हायला सुमारे तीन आठवडे आयते मिळाले. मी मात्र तेवढे दिवस ‘निकाल लागला की तो तोंड दाखवील’ म्हणून गप्प बसलो. फाइलीप्रमाणे आम्हाला ४१२ मते होती. यंत्रातून १८७ निघाली.

पोलीस ठाण्यात अंमलदाराने अर्ज अर्धाच वाचला आणि “हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा” म्हणून परत केला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे असे मी म्हणताच त्याने विचारले, “मग हे पन्नास हजार कशासाठी दिले, तेही लिहून देता का?” सायबर शाखेने सांगितले की रोख रकमेशी त्यांचा संबंध नाही आणि २४,००० साठी १९३० वर त्याच दिवशी फोन करायला हवा होता. निवडणूक कार्यालयात गेलो, तर तक्रार राहिली बाजूला, “तुमचा खर्चाचा हिशेब तीस दिवसांत येऊ द्या” अशी उलट तंबी मिळाली. चोर मोकळा आणि कागद मागायचे ते माझ्याकडे! शेवटी पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज पाठवला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

कोणी घरनिहाय कल सांगू लागला, तर मतदान गुप्त असते एवढे आठवा. यंत्र केंद्राची बेरीज सांगते, घराची नाही. रोख देऊ नका, पावतीशिवाय तर नाहीच. आणि फाइल हातात आली की आधी आपल्या घरातली गेलेली माणसे शोधा.

तो गृहस्थ आता पंचायत समितीच्या इच्छुकांकडे फिरतो आहे, असे शेजारच्या गणातील एका ओळखीच्या माणसाकडून समजले. त्याच्या नव्या फाइलीत आमचा प्रभाग ‘जिंकून दिलेल्या जागां’मध्ये छापलेला आहे.