लेकराच्या सीटचे नऊ महिने: जालना ते छत्रपती संभाजीनगर

मुलगी दहा महिन्यांची असताना आम्ही तिच्यासाठी गाडीत मागे तोंड करून बसवायची सीट घेतली आणि तेव्हापासून दर शनिवारी ती जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला त्याच सीटमध्ये जाते. गाडी बहुतेक वेळा मी एकटीच चालवते, म्हणून तिचा चेहरा दिसत राहावा यासाठी सीट माझ्या शेजारी पुढे बसवावी, असे आधी मनात होते. परंतु डॅशबोर्डमधील एअरबॅग डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते आणि मागे तोंड असलेल्या सीटची पाठ नेमकी तिच्यासमोर येते. मोठ्यांचा जीव वाचवणारा तो आघात थेट लेकराच्या डोक्यामागे बसतो. आमच्या गाडीत ती एअरबॅग बंद करण्याची सोय नाही, त्यामुळे सीट मागच्या बाकावरच राहिली.

दुकानदाराने बसवून दिलेली सीट हाताने हलवली की सरकत होती. पुस्तिका वाचून आयसोफिक्सचे, म्हणजे सीट थेट गाडीच्या बाकातील कड्यांना अडकवायचे, दोन्ही हुक खट् आवाज होईपर्यंत आत ढकलले, तेव्हा कुठे ती घट्ट बसली.

डिसेंबरातल्या एका पहाटे बदनापूरजवळ म्हशी आडव्या आल्या आणि मला जोरात ब्रेक दाबावा लागला. पुढे गाडी थांबवून मुलीचा जाड स्वेटर काढला, तर मघाशी घट्ट वाटलेल्या पट्ट्याखाली माझी चार बोटे सहज गेली. ते पाहून माझे हातपाय गार पडले. आता पट्टे पातळ कपड्यांवरच आवळते, खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत नाही ना हे पाहते आणि पांघरूण वरून घालते.

“लेकराला असं बांधून घालतंय का कुणी? मी घेते की मांडीवर,” असे सासूबाई म्हणत. त्यांची माया मला कळते. पण ताशी ५० किलोमीटर वेगात धडक झाली, तर १० किलोच्या लेकराचा भार क्षणभर शेकडो किलोंचा होतो आणि तो कोणाच्याही हातांना पेलत नाही. दोघींना मिळून एकच पट्टा लावणे तर त्याहून वाईट, कारण मोठ्या माणसाच्या अंगाखाली मूल चिरडते. सात वर्षांच्या पुतण्याच्या गळ्यावरून पट्टा जात होता, म्हणून त्याच्यासाठी बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, घेतले. आता पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि मांड्यांच्या वरच्या भागावरून जातो.

तक्रार एकच आहे: मे महिन्यात बकल चटका बसण्याइतके तापते, त्यामुळे गाडी उभी करताना सीटवर पांढरा पंचा टाकावा लागतो.